विवराच्या काठावरची अठरा वर्षे : आमची वाटचाल

लोणारला उतरलेल्या पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ज्वालामुखी कुठे आहे?" या एका प्रश्नाचे नीट उत्तर देण्यावर आमच्या घराची चूल अठरा वर्षे पेटत आली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. आमच्या भोवतालचा सगळा काळा पाषाण ज्वालामुखीचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक गोठून तो तयार झाला. आमचे सरोवर ज्यात आहे तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा मात्र त्या लाव्ह्याने केलेला नाही, तो आकाशातून आदळलेल्या अशनीने केला. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद घेतली. त्यानंतर दीर्घकाळ मोठमोठे जाणकारही याला ज्वालामुखीचे तोंडच समजत होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथील दगडांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्याचे दाखवण्यात आले. प्रचंड आघाताच्या दाबाशिवाय ती काच तयार होत नाही, त्यामुळे वाद बहुतांशी मिटला. बसस्थानकाजवळच्या पाट्यांवर तो अजून मिटलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

२००६ साली मी आणि माझे मावसभाऊ, ज्यांना मी दादा म्हणतो, आम्ही निम्म्या-निम्म्या भागीत एक जुनी क्रूझर घेतली. जालन्याच्या स्टेशनवरून किंवा मेहकरच्या स्टँडवरून पार्टी उचलायची, काठावरच्या पॉइंटवर नेऊन सरोवर दाखवायचे, चहा पाजायचा आणि परत सोडायचे, एवढाच तेव्हा आमचा धंदा होता. कबूल करतो, तेव्हा मीही ज्वालामुखीच सांगत असे, कारण पाहुण्यांना तो शब्द आवडत असे आणि तो ऐकला की बक्षिसी बरी मिळत असे.

दुसऱ्या हिवाळ्यात नागपूरहून भूशास्त्राचे एक प्राध्यापक बावीस विद्यार्थी घेऊन आले. मी माझे पाठ झालेले भाषण सुरू केले तेव्हा त्यांनी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, ज्वालामुखी असता तर हा काठ कशाचा झाला असता?" मला उत्तर आले नाही. त्यांनी मला काठाच्या बाहेरच्या उतारावर नेले आणि आजूबाजूच्या वावरांपेक्षा काठ सुमारे वीस मीटर उंच का आहे, आतून उडालेला दगड-मातीचा थर बाहेर कसा पसरला आहे, हे हाताने दाखवले. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडून भाडे घ्यायला तयार नव्हतो. सरांनी ते मोजून दिले, पावती मागितली आणि जाताना स्वतःचे दहापटीचे भिंग माझ्या हातावर ठेवले.

ते भिंग आजही माझ्या खिशात असते, फक्त त्याची दोरी तीनदा बदलली आहे. आमच्या व्यवसायाची अवजारे पाहून लोक हसतात, परंतु ती सांगितल्याशिवाय आमचे काम समजणार नाही. पहिले हे भिंग. दुसरी हातोडी, जी घरीच राहते, कारण सरोवराभोवतीच्या अभयारण्यात दगड फोडणे किंवा उचलणे योग्य नाही आणि ताजा फुटलेला पाषाण दाखवायचाच असेल तर माझ्या शेताच्या धुऱ्यावर पुष्कळ आहे. तिसरा हातआरसा, ज्याने गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या सभामंडपाबाहेरचे ऊन आत वळवून छतावरचे शिल्प उजळवता येते. टॉर्चच्या प्रकाशात जे सपाट दिसते ते आरशाच्या उन्हात उठून येते. विष्णूने मारलेल्या लवणासुराची कथा तिथे मान वर करून ऐकावी, गाडीत बसून नव्हे.

आणि चौथे, हळदीचे कागद. ब्लॉटिंगचा कागद हळद घातलेल्या स्पिरिटमध्ये भिजवून सावलीत वाळवायचा आणि बोटाएवढ्या पट्ट्या कापून ठेवायच्या. धार नावाच्या झऱ्याच्या गोमुखातील गोड पाण्यात बुडवलेली पट्टी पिवळीच राहते. खाली उतरून सरोवरात बुडवली की क्षणात कुंकवासारखी तांबडी होते, कारण या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास, म्हणजे ते फार अल्कधर्मी आहे. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही, ते फक्त वाफ होऊन जाते आणि क्षार मागे उरतात. हे दहा वाक्यांत सांगण्यापेक्षा एक पट्टी पुरते. सरांचा आग्रह असे की प्रत्येक पट्टीच्या मागे तारीख, वेळ आणि खाली सरोवराशेजारच्या कमळजा मातेच्या मंदिरापासून पाण्याची कड किती पावलांवर आहे ते लिहावे. पेन्सिलीनेच लिहावे, शाई ओल्या कागदावर पसरते.

नंतरची दहा वर्षे चांगली गेली. दुसरी गाडी आली, घराच्या मागे चार खोल्या बांधल्या, बायकोच्या हातच्या भाकरी-ठेच्याचे नाव झाले. यापेक्षा त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

२०१८ मध्ये दादांनी भागी सोडली. शहरातील एका प्रवासी कंपनीने त्यांना पगार आणि कमिशन देऊ केले होते, ते घ्यावे की नाही हा त्यांचा प्रश्न होता. पण जाताना बारा वर्षांच्या पार्ट्यांचे फोन नंबर लिहिलेली बुकिंगची वही ते घेऊन गेले, हे मी अजून विसरलेलो नाही. भागी करणाऱ्या तरुणांना मी एवढेच सांगतो की वहीच्या दोन प्रती ठेवा, भाऊ असला तरी. त्या कंपनीने आमच्याच रस्त्यावर "ज्वालामुखी सरोवर दर्शन" असा फलक लावला आणि दर निम्म्यावर आणला. मी ईर्ष्येने कर्ज काढून सतरा सीटची नवी ट्रॅव्हलर घेतली. ती चूक माझी होती.

तिचे हप्ते सुरू असतानाच मार्च २०२० ची टाळेबंदी आली. जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभरातून फोन येऊ लागले, तेव्हा माझी गाडी दारात उभी होती आणि जिल्ह्याची सीमा ओलांडायला परवानगी नव्हती. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्या रंगाने पाणी गुलाबी दिसते, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. हा रंग कायमचा नाही हेही कळले. मी फोनवर प्रत्येकाला तसेच सांगितले, त्यामुळे माझ्याकडे एकही ॲडव्हान्स आला नाही. कंपनीने मात्र छायाचित्र आणखी रंगवून दिवाळीनंतरची बुकिंग घेतली.

लोक आले तेव्हा सरोवर हिरवे होते. कंपनीचा फोन बंद होता. एके दुपारी दोन गाड्या भरून माणसे माझ्या ओट्यावर येऊन बसली, कारण त्या रस्त्यावर उघडे असलेले एकच कार्यालय माझे होते, आणि त्यांनी माझ्याकडे पैसे परत मागितले. मी त्यांना जेवू घातले, आरसा घेऊन मंदिरात नेले, पट्ट्या दिल्या. दोघांनी आभार मानले. उरलेल्यांनी जाताना माझ्या फलकाचा फोटो काढून मी फसवणूक करतो असे सर्वत्र पाठवले. त्या हिवाळ्यात ट्रॅव्हलर तोट्यात विकली आणि दोन खोल्या बियाण्याच्या गोदामासाठी भाड्याने दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. गावात आनंद झाला. मी त्या दिवशी बँकेत होतो.

आम्हाला सरांनी उभे केले. निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांनी पुढच्या तीन हिवाळ्यांचे पूर्ण भाडे एकदम पाठवले आणि फोनवर म्हणाले, "बुकिंग समजा, मदत समजू नका. पावती पाठवा." मी तिन्ही पावत्या वेगवेगळ्या पाठवल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर नागपूरची माणसे सकाळी निघून मेहकरला उतरतात आणि अकरा वाजता काठावर पोहोचतात. धंदा वाढला, पण ही वेळ चुकीची आहे. सरोवर सकाळी सातला पाहावे, तेव्हा मोर खाली उतरलेले असतात आणि बाभळींवर ऊन तिरपे पडते. धार, रामगया मंदिर करत खाली जावे, दहाच्या आत वर यावे, मग दैत्यसूदन पाहावे आणि उतरत्या उन्हात अंबर तळ्याजवळच्या आडव्या मारुतीकडे जावे. एप्रिलमध्ये दुपारी खाली उतरणाऱ्या पार्टीचे भाडे मी घेत नाही. चप्पल घालून आलेल्याचेही घेत नाही, मग तो कितीही मोठा माणूस असो.

कंपनीचा फलक मागच्या वर्षी उतरला. दादा आता मेहकरला रिक्षा चालवतात आणि समोर आले की आम्ही बोलतो. वही मागितलेली नाही.

यंदा सर आले, पण गुडघ्यांमुळे खाली उतरू शकले नाहीत. काठावरच्या त्यांच्या नेहमीच्या दगडावर ते बसून राहिले आणि विद्यार्थ्यांना घेऊन मी गेलो. आता पाणी इतके वाढले आहे की कमळजा मातेपाशी पावले मोजायची गरजच उरलेली नाही. वर आल्यावर मी तांबडी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "तारीख आहे. वेळ कुठे लिहिली?"