कुंडातली मुळं

ईस्टरच्या आदल्या शनिवारी, म्हणजे १९ एप्रिल २०२५ला, सकाळी साडेनऊ वाजता मी चर्चमध्ये गुडघे टेकून बसले होते. प्रार्थनेला नव्हे. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडात बॅटरी मारून तळाच्या भोकात काय अडकलंय ते बघत होते. रात्री आठला चौघांचा बाप्तिस्मा होता आणि कुंडात सोडून पाहिलेलं तांब्याभर पाणी तासभर जागचं हललं नव्हतं.

मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या एपिस्कोपल चर्चची ऑफिस सेक्रेटरी. आठवड्याचे वीस तास पगारी, वरचे देवाच्या खात्यावर. एपिस्कोपल म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचंच अमेरिकेतलं भावंड. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणं शक्य नव्हतं, म्हणून वेगळी चूल मांडलेलं. माझं लहानपण पुण्यात पंचहौदात, पवित्र नाम देवालयाच्या घंटा ऐकत गेलं. त्यामुळे इथली उपासना मला कधी परकी वाटली नाही. कमी होती ती माणसं.

माणसं मोजणं हे माझं काम. प्रत्येक उपासनेनंतर एका जाड वहीत तारीख, पाळकांची सही आणि हजेरीचा आकडा. मी २०१६ला रुजू झाले त्या रविवारचा आकडा १७, ऑर्गन वाजवणारे धरून. दरवर्षी १ मार्चच्या आत सगळ्याचा अहवाल वर पाठवायचा आणि त्यात रविवारच्या सरासरी हजेरीचा रकाना भरायचा. तो भरताना माझा हात जड व्हायचा. तसं आमचं रडगाणं जगावेगळं नव्हतं. १९६०च्या दशकात या चर्चचे देशभरात ३४ लाखांवर सभासद होते, आता त्याच्या निम्मेही नाहीत. पण आपल्या घरची वही आपल्याला टोचते. दफनाच्या नोंदींची पानं संपत आली होती आणि बाप्तिस्म्याची शेवटची नोंद होती २०१४ची.

मध्ये बाहेरून एक सल्लागार येऊन गेले. पडद्यावर आलेख दाखवले, तरुण कुटुंबं आणा म्हणाले. जणू ती वाण्याकडे मिळतात.

फरक पडला तो कोविडनंतर, आणि फार साध्या कारणाने. दर गुरुवारी आम्ही हॉलमध्ये गरजूंना किराणा वाटायला लागलो. थंडीत रांग फुटपाथवर उभी असायची. आमचे खजिनदार, वय ८२, एरवी हीटरच्या बिलावरून भांडणारे, एकदा म्हणाले, "चर्च उघडा की, बसू दे त्यांना बाकांवर." त्या रांगेत एक जमैकाच्या बाई होत्या, म्हाताऱ्यांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या. बसल्याबसल्या त्यांनी प्रार्थनापुस्तक उघडलं आणि न बघता म्हणायला लागल्या. किंग्स्टनला अँग्लिकन चर्चमध्येच वाढलेल्या. "मग रविवारी का नाही येत?" मी विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाई, रविवारी सकाळी माझी ड्यूटी असते. तुमच्या म्हाताऱ्यांना आंघोळ कोण घालणार?"

सांगायची गोष्ट खरं तर एवढीच. आमची वेळ सकाळी दहाची, आणि ज्यांना यायचं होतं ते दहा वाजता दुसऱ्यांच्या घरी राबत होते. आमच्या पाळकबाईंनी (त्याही अर्धवेळच) शनिवारी संध्याकाळी पाचची उपासना सुरू केली. व्हेस्ट्रीत, म्हणजे आपल्याकडच्या पास्टरेट कमिटीत, यावर दोन बैठका वाद झाला. एका आजींनी बजावलं, "ही उपासना खरी नव्हे." पण जमैकाच्या बाईंनी मैत्रिणी आणल्या, मैत्रिणींनी नातवंडं. वाढ मला आधी वहीत दिसलीच नाही, कॉफीच्या डब्यात दिसली. महिन्याला एक डबा लागायचा, तो आठवड्यात संपायला लागला. पंचहौदातल्या आमच्या मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती. इथे मात्र कॉफीमुळेच माणसं उपासनेनंतर थांबतात, आणि थांबली की पुढच्या शनिवारी येतात.

तर कुंड. इतकी वर्षं त्याचं लाकडी झाकण उघडायचं ते फक्त आत सामान टाकायला. मी बाहेर काढलं ते असं: फुलं खोचायचा हिरवा स्पंज, एक मोडकी छत्री, वाळलेल्या गांधीलमाश्या. इमारतीचं बघणारे वॉर्डन सक्शन पंप घेऊन आले आणि दमून बाकावर बसले. तेवढ्यात रात्रीच्या चौघांतला एक पोरगा तालमीला आला. बाविशीतला, प्लंबरच्या हाताखाली काम करणारा. वाकून बघितलं आणि विचारलं, "हे गटाराला जोडलंय?"

"नाही," मी म्हटलं. "आशीर्वाद दिलेलं पाणी गटारात सोडत नाहीत. थेट जमिनीत जातं."

"मग मुळं असणार."

गाडीतून त्याने लांब स्प्रिंगची तार आणली, भोकात घातली, हँडल फिरवत राहिला. दहा मिनिटांनी तार ओढली तर टोकाला पांढऱ्या बारीक मुळांचा गुंता, ओला, म्हाताऱ्या बाईच्या आंबाड्याएवढा. बाहेर भिंतीलगत हायड्रेंजियाचं झुडूप आहे, त्याची. पाणी मात्र अजून थेंबाथेंबानेच उतरत होतं. "रात्रीपुरतं बूच लावा, नंतर बघतो," म्हणाला.

रात्री अंगणात बार्बेक्यूच्या शेगडीत नवा विस्तव पेटवला, त्यावर मोठी मेणबत्ती लावली आणि अंधारात रांगेने आत गेलो. बाप्तिस्म्याच्या वेळी सगळी मंडळी आपापल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देतात. दर प्रश्नाला उत्तर: देवाच्या साहाय्याने, करीन. सगळ्यात मोठा आवाज शनिवारला नाक मुरडणाऱ्या आजींचा होता. श्रवणयंत्र घरी राहिल्यामुळे असेल. पोरग्याच्या डोक्यावर तीनदा पाणी पडलं तेव्हा तो मात्र कुंडाच्या तळाकडेच बघत होता. ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस संपून गौरवगीताला पुन्हा घंटा वाजल्या. मी पुण्याहून आणलेली बैलाच्या गळ्यातली घंटा वाजवली.

साडेअकराला वहीत आकडा लिहिला, ५८. बाप्तिस्म्याच्या पानावर चार ओळी भरल्या. कपबश्या विसळून आले तर तो पोरगा ओल्या केसांनीच कुंडापाशी उभा. पुन्हा तार फिरवून झाली होती. त्याने बूच काढलं आणि कान दगडाला लावला. आधी काहीच नाही. मग घोट घेतल्यासारखा आवाज झाला.

"गेलं," तो म्हणाला. मी हीटर कमी केला.