यंदा तेरा महिने

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला नवं वर्ष चुकवता येत नाही. एक हुकलं तर दुसरं येऊन गाठतं. जानेवारीतलं ऑफिसचं, चैत्रातलं पाडव्याचं, एक एप्रिलचं सीए लोकांचं आणि दिवाळीनंतरचं बेसतू वरस. हे शेवटचं तर थेट घरात शिरतं. उजाडायच्या आत खालून ‘सबरस, सबरस’ अशी हाक येते, शकुनाचं मीठ विकत घ्यायचं आणि मग दुपारपर्यंत ‘साल मुबारक’ करत सोसायटीचे जिने चढायचे-उतरायचे. आमच्याकडे त्याच दिवशी दिवाळीचा पाडवा. म्हणजे इकडे नवऱ्याला ओवाळून ओवाळणीवरून घासाघीस चाललेली आणि तेवढ्यात समोरच्या बेन मठियांची थाळी घेऊन दारात. आत्ता हे लिहिताना माझ्या फोनवर जानेवारी 2026 आहे, सासूबाईंच्या पंचांगात शके 1947 आणि बेनच्या भिंतीवर संवत 2082.

संकल्प करणाऱ्यांची यात चैनच. जानेवारीत ठरवलेलं उत्तरायणच्या उंधियू-जलेबीत बुडालं की पाडव्यापर्यंत थांबायचं. पाडव्याचं उन्हात वाळून गेलं की दिवाळी आहेच. माझ्या वहीत अशा याद्या आहेत आणि त्या वाचल्या तर मी फार चिकाटीची बाई आहे असं कोणालाही वाटेल, कारण तेच मुद्दे दरवर्षी न कंटाळता येतात. दहा किलोमीटर पळणे. चोवीस पुस्तकं वाचणे. चहा कमी करणे. रात्री वेळेवर झोपणे. आजीच्या ट्रंकेतली मोडी पत्रं वाचता येतील इतकी मोडी शिकणे.

यंदा यादी करायला बसले तेव्हा गरोदरपणाचा अठरावा आठवडा लागला होता. आणि बघते तो काय, वर्षानुवर्षं न जमलेल्या दोन गोष्टी पोटातल्या बाळाने परस्पर उरकल्या होत्या. त्याने किंवा तिने. इथे विचारायची सोय नाही, 1994 चा कायदा आहे आणि सोनोग्राफीच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी. (माझ्या चेहऱ्यावरून आणि चालण्यावरून निकाल सांगणाऱ्या बायकांना मात्र कोणताही कायदा लागू नाही.) तर चहा. पहिले तीन महिने चहाच्या नुसत्या वासाने पोट ढवळायचं. ते थांबलं तशी लोहाची गोळी सुरू झाली आणि डॉक्टरबाईंनी बजावलं की गोळी आणि चहा यांत तास-दोन तास अंतर ठेवा, चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमही लोहाच्या आड येतं, म्हणून त्याची वेळ निराळी. लोह, कॅल्शियम आणि जेवणं आपापल्या जागी बसवून झाली की उरलेल्या फटींत चहा दोनदाच मावतो. झोपेचं तर सांगायलाच नको. साडेनऊच्या मालिकेत पहिली जाहिरात लागली की मी गेले.

पळणं आपोआप बाद झालं. चालायला परवानगी आहे, तेव्हा संध्याकाळी कमाटीबाग. हिला सयाजीबाग म्हणायचं हे शाळेतल्या निबंधापुरतं. तोंडात कमाटीबागच येतं. सयाजीराव महाराजांनी 1879 साली ही बाग शहराला दिली आणि तेव्हापासून बडोद्यातली प्रत्येक गरोदर बाई इथे चक्कर मारून गेली असावी असा माझा अंदाज आहे. बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा सांगाडा आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत तो पाहिला तेव्हा ‘पिल्लू’ हे कळलंच नव्हतं. सत्तरेक फुटांचं धूड ते. परवा आत जाऊन पुन्हा पाहिलं आणि बराच वेळ उभी राहिले. फोनमधलं अ‍ॅप दर सोमवारी कळवतं की तुमचं बाळ आता लिंबाएवढं, आता ढोबळ्या मिरचीएवढं. देवमाशिणीला असं अ‍ॅप कोण देणार आणि त्यात भाजी तरी कोणती घालणार? नवरा म्हणाला, ‘तिला नऊ महिने सुटी तरी होती का?’ देवमाशिणीचे दिवसही साधारण दहा-अकरा महिन्यांत भरतात हे मी त्याला सांगितलं. मग दोघंही गप्प राहून शेंगदाणे खात बाहेर आलो.

आता तारखेबद्दल. मला 3 जून मिळाली आहे. ही काढतात कशी, तर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचं. 27 ऑगस्टचे झाले 3 सप्टेंबर, तिथून मागे 3 जून. फ्रान्झ नेगेले नावाच्या जर्मन प्राध्यापकाच्या नावाने हा नियम चालतो, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून. एकूण 280 दिवस, तेही पाळी दर 28 दिवसांनी येते असं गृहीत धरून. यातले पहिले दोन आठवडे तर गर्भ राहिलेलाच नसतो, पण मोजणीत ते येतात. एवढी बारीक आकडेमोड करून निघालेल्या तारखेला प्रत्यक्षात शंभरातली चार-पाचच बाळं येतात. बाकीची आपल्या सवडीने. सदतीस ते बेचाळीस आठवड्यांच्या दरम्यान कधीही आलं तरी ते वेळेवर आलं असंच धरतात.

हे मी ऑफिसात समजावू गेले. आमच्याकडे जानेवारीत प्रत्येकाने वर्षाची उद्दिष्टं फॉर्ममध्ये भरायची असतात आणि प्रत्येक उद्दिष्टासमोर टार्गेट डेट लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. एप्रिल ते जूनच्या रकान्यात काय लिहावं? ‘एक डिलिव्हरी, वेळेत,’ हे नवऱ्याने सुचवलं. मी ते लिहिलं नाही, पण फॉर्म तसाच उघडा ठेवून बरीच बसले होते. रजा सव्वीस आठवड्यांची मिळते, 2017 च्या दुरुस्तीपासून. त्याआधी बाराच होते. त्यातले आठपर्यंत बाळंतपणाच्या आधी घेता येतात. सुरू कधी करू, हे त्या 3 जूनवर अवलंबून, आणि 3 जून कोणावर अवलंबून ते सांगितलंच.

तोडगा सासूबाईंच्या पंचांगात निघाला. त्या सणवार बघत होत्या, सहज पानं पुढे उलटली आणि म्हणाल्या, ‘अगं, यंदा अधिक ज्येष्ठ आहे.’ 17 मे ते 15 जून. मी वहीच्या कोपऱ्यात सदतीस ते बेचाळीस आठवड्यांचा हिशेब मांडून ठेवला होता: 13 मे ते 17 जून. दोन्ही कागद शेजारी ठेवून आम्ही सासू-सुना हसत सुटलो. बाळ यायचं तेव्हा येवो, पंचांगाने जवळजवळ तेवढीच जागा आधीच मोकळी सोडली आहे.

अधिक महिना ही मला माणसाने केलेल्या हिशेबांतली सगळ्यांत समंजस गोष्ट वाटते. चंद्राच्या बारा महिन्यांचं वर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365 चं. दर वर्षी अकरा दिवस मागे पडायचे. ही तूट तशीच वाढू दिली असती तर दिवाळी सरकत सरकत भर पावसाळ्यात आली असती आणि सगळे आकाशकंदील भिजले असते. मग काय केलं, तर तूट साठून महिन्याएवढी झाली, म्हणजे साधारण साडेबत्तीस महिने गेले, की एक महिना वाढवायचा. सूर्य ज्या चांद्र महिन्यात रास बदलत नाही तो अधिक. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही. नवीन काही सुरू करायचं नाही, अडकायचं नाही, मागचं पुढचं जुळून यायला अवधी द्यायचा. बेनकडे याचा पुरुषोत्तम मास, आमच्याकडे धोंड्याचा महिना. दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येला संपतो म्हणून तारखाही त्याच. पाडव्याला लागणारं शके 1948 तेरा महिन्यांचं आहे. माझ्या कुठल्याच यादीत तेरावा महिना नव्हता.

मग यादी पुन्हा केली. एकाच जानेवारीच्या गळ्यात सगळं बांधण्याऐवजी, एवढी नवी वर्षं हाताशी आहेत तर वाटून टाकलं.

जानेवारी ते पाडवा: मोडी. अक्षरओळख तरी होईल. बसून करायचं काम आहे आणि कंबर तेवढी साथ देते. याच काळात ती साखरेची तपासणी, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा 140 च्या आत राहिला तर पाडव्याचं श्रीखंड, नाहीतर नुसती कडुलिंबाची पानं. एक एप्रिलला पैशांचं: बाळाच्या नावाने काय ते नवऱ्याने बघायचं, मी फक्त सही करणार. पुस्तकं आताच, जमतील तितकी. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचं कार्ड नवं करून आणलं आहे. काचेच्या लाद्यांचे मजले असलेल्या त्या कपाटांमध्ये मराठीचा मोठा साठा आहे. चोवीस हा आकडा मात्र खोडला. सक्तीचं प्राथमिक शिक्षण सयाजीरावांनी 1893 मध्ये आधी अमरेलीकडे सुरू केलं आणि सगळ्या राज्याला लागू केलं ते 1906 साली. तेरा वर्षं. राज्य स्वतःचं, खजिना स्वतःचा, हुकूम स्वतःचा असूनही एका कोपऱ्यात करून बघितल्याशिवाय त्यांनी पाऊल पुढे टाकलं नाही. मग मी डोळ्यांवर झोप असताना चोवीसचा हट्ट कशाला धरू?

अधिक ज्येष्ठाच्या पानावर काही लिहिलं नाही. रजा मेच्या मध्यावर सुरू केली तर नोव्हेंबरच्या मध्यावर संपते, म्हणजे बेसतू वरस होऊन लाभपाचमेच्या आसपास, दिवाळीला बंद ठेवलेली दुकानं मुहूर्ताने उघडतात तेव्हा. ऑफिसच्या फॉर्ममध्ये मी पुढची सगळी उद्दिष्टं तिथूनच सुरू केली आहेत. मॅनेजर गुजराती आहेत. त्यांना लाभपाचम लगेच पटली. 3 जून पटवायला जितका वेळ लागला त्याच्या निम्म्यात.

बाकीच्यांची उद्दिष्टं जोरात आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने मी मांजलपूरहून दांडिया बाजारात जाणार. स्कूटरवर पंधरा मिनिटं, पण त्यासाठी आईने बैठकीच्या खोलीला रंग काढला आहे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आईकडचे, बेनकडून बत्तीस वसाण्यांचं, म्हणजे औषधी मसाल्यांचं, काटलुं. दोघींमध्ये कोणाचं आधी द्यायचं यावरून माझ्या डोक्यावरून बोलणी सुरू आहेत. डोहाळजेवण सातव्या महिन्यात. त्यात मी फक्त हजर राहायचं.

फक्त अधिक महिन्याने आईची एक पंचाईत केली आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, तेहतीस अनारसे, वर दिवा. आणि जावई तेव्हा कुठे असणार? दवाखान्याच्या पायऱ्यांवर. आईने एका फोनमध्ये योजना सांगून टाकली: पीठ एप्रिलातच करून ठेवते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवून दळायचे, गुळात कालवून गोळे डब्यात भरायचे, ते चांगले टिकतात. तळायला अर्धा तास पुरतो, बाळ कितीही वाजता येवो.

नवऱ्याने माझ्या हातातला फोन घेतला. ‘आई, त्या गडबडीत तेहतीस कशाला? दहा-बारा पुरेत.’

‘जावईबापू,’ आई म्हणाली, ‘वाणात सूट नसते.’