चेंडू कुठे जातो, हे आधी विचारा

कोल्हापुरात हौसेने गोल्फ खेळणाऱ्या माणसाला सल्ल्याची वाण कधीच पडत नाही. चेंडू उजवीकडे वळून गेला की शेजारी उभा असलेला गृहस्थ 'मान खाली ठेवा की ओ' असे सांगून मोकळा होतो, आणि ज्याला थोडे अधिक ठाऊक असते तो 'तुम्ही वरून येता', म्हणजे खाली येताना तुमचा क्लब (चेंडू मारायची काठी) बाहेरून आत कापत येतो, असे निदान करतो. माझी नोकरी शिरोलीच्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात गेली. तिथे कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, नाकारायचे तर ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, नेमके कुठे आहे हे लिहून द्यावे लागते. 'जरा चांगले ओता' असा शेरा कोणी मारला असता तर मोल्डिंगच्या माणसांनी तो कागद त्याच्याच हातात परत दिला असता. माझ्या स्विंगविषयी, म्हणजे क्लब फिरवण्याच्या पद्धतीविषयी, मला तशीच नेमकी नोंद हवी होती, म्हणून एका ऑनलाइन शिकवणी संस्थेकडे पैसे भरून व्हिडिओ तपासून घेण्याचे ठरवले.

नाव नोंदवणे आणि पैसे भरणे चुटकीसरशी झाले. गाडी अडली ती त्यानंतर. अर्जाला दोन चित्रफिती जोडायच्या होत्या : एक खेळाडूच्या छातीसमोरून घेतलेली आणि दुसरी त्याच्या मागून, लक्ष्याच्या दिशेने पाहणारी. कागलकडे आमच्या नात्यातल्यांचा पडीक माळ आहे, तिथे जाऊन मी दोन्ही घेतल्या आणि पाठवल्या. उत्तर आले, 'व्हिडिओ निकषांत बसत नाही, कृपया पुन्हा पाठवा.' कोणता व्हिडिओ, कोणता निकष, काय बदलायचे, याविषयी एक अक्षर नाही. पुन्हा पाठवला की अर्ज रांगेच्या शेवटी जाई, काही दिवस तसाच पडून राही आणि तेच वाक्य परत येई. मदतीच्या खिडकीत प्रश्न विचारला तर यंत्र मला त्याच अर्जाचा दुवा देई. चुका दाखवण्याचे पैसे घेणाऱ्या संस्थेला अर्जातली चूक सांगता येऊ नये, याचा मला आजही राग येतो.

अखेर निकष मीच शोधून काढले, ते इथे देतो. मागून घेताना फोन हातांच्या उंचीवर, म्हणजे साधारण कमरेच्या पातळीला हवा, आणि त्याचा रोख हातांवरून लक्ष्याच्या रेषेला समांतर असावा. फोन फूटभर इकडेतिकडे सरकला किंवा तिरपा झाला, तर तोच स्विंग एकदा बाहेरून येणारा आणि एकदा आतून येणारा दिसतो, त्यामुळे कोणाच्या हातात फोन देण्यापेक्षा तिवई बरी. समोरून घेताना फोन छातीच्या मध्यासमोर ठेवावा. स्लो मोशन सेकंदाला 240 चित्रांचा ठेवावा आणि भर उजेडात घ्यावा. संध्याकाळी घेतलेल्या चित्रफितीत क्लबच्या जागी नुसता धुरकट पट्टा उमटतो. शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, वाकलेला दिसला तर घाबरू नये, तो फोनच्या कॅमेऱ्याचा दोष असतो, कारण चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपले जाते.

एवढे सगळे जमल्यावर तपासणी आली. माझ्या चित्रावर रंगीत रेघा आणि वर्तुळे काढलेली होती, खाली निष्कर्ष होता, 'तुम्ही वरून येता', आणि सोबत सरावाच्या तीन व्यायामांचे दुवे होते. म्हणजे जे आमच्या सोबत्यांनी फुकट सांगितले होते, तेच.

माझा खरा आक्षेप निष्कर्षाला नाही, अर्जाला आहे. माझे वय, उंची, क्लबची कंपनी, इतकेच काय पण बुटांचा प्रकारही त्यात विचारला होता. तुमचा चेंडू कुठे जातो, हे मात्र कुठेच विचारलेले नव्हते. चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यतः धडकेच्या क्षणी क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, कुठे पाहतो यावर ठरते. आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) बाबतीत हा वाटा साधारण 75 टक्के आणि ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या) बाबतीत साधारण 85 टक्के धरला जातो. पुढे तो कोणीकडे वळतो, हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या कोनावर अवलंबून असते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल, तर 'वरून येता' हे निदान पटण्यासारखे आहे. माझा चेंडू निघतोच उजवीकडे आणि तिथून आणखी उजवीकडे जातो, म्हणजे दोष आधी फेसमध्ये शोधायला हवा. शिवाय धडक जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची असते आणि 240 च्या चित्रणात दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंदांहून अधिक अंतर असते, त्यामुळे फोनच्या चित्रफितीवरून धडकेच्या वेळचा फेस वाचता येत नाही. म्हणूनच चेंडूची दिशा विचारण्याला पर्याय नाही. हे सगळे लिहून कळवल्यावर 'या योजनेत प्रशिक्षकाशी थेट संवादाची सोय नाही' असे उत्तर आले.

मग पुण्याला एका प्रशिक्षकांची वेळ घेतली. जाण्यायेण्याचे साडेचारशे किलोमीटर पडतात, तरी ते मला जड वाटले नाहीत. त्यांनी क्लब हातात घेण्यापूर्वीच विचारले, 'चेंडू निघतो कुठून, वळतो कुठे?' उत्तर ऐकून त्यांनी माझा डावा हात पाहिला. वरून पाहताना बोटांच्या मुळाशी वर आलेले एकच हाड दिसत होते. त्यांनी हात उजवीकडे फिरवून दोन ते तीन हाडे दिसतील अशी ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, बसवली आणि उजवीकडे ओढला जाणारा चेंडू त्याच सत्रात बराचसा सरळ झाला. बाकी कशाला त्यांनी हात लावला नाही, आणि मी विचारूनही दुसरा दोष सांगितला नाही. दोष क्लबच्या मार्गात नसून फेसमध्ये आहे, हे माझे निदान बरोबर निघाले याचा आनंद मी लपवणार नाही.

घरी परतल्यावर ग्रिप काही आठवडे परकी वाटते आणि हात हळूच जुन्या जागी सरकतो, तेव्हा दर काही फटक्यांनंतर हाडे मोजावीत. मी गच्चीवर क्रिकेटचे जाळे बांधले आहे, पण जाळ्यात चेंडूची दिशा कळत नाही, म्हणून अधूनमधून माळावर जावेच लागते. जाळ्यासमोर करण्यासारखी एक तपासणी आहे : पायांना मारायचा पावडरचा स्प्रे फेसवर मारला की चेंडू नेमका कुठे लागतो याचा ठसा उमटतो. स्पर्धेच्या फेरीत मात्र सोबत्याला 'काय चुकतंय?' असे विचारू नये, गोल्फच्या नियम 10.2 नुसार सल्ला फक्त आपल्या कॅडीकडे, म्हणजे क्लब वाहणाऱ्या मदतनिसाकडे, मागता येतो, आणि स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत, त्याबद्दल दोन फटक्यांचा दंड बसतो.

ज्यांना लांबूनच तपासून घ्यायचे आहे त्यांनी सात नंबरच्या आयर्नचा व्हिडिओ पाठवावा, त्यातही आपला नेहमीचा फटका, ठेवणीतला नव्हे. अर्जात रकाना नसला तरी चेंडू निघतो कुठे आणि वळतो कुठे हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच स्वतःच्या तोंडाने सांगावे. तोच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर वाटेत त्याचा दर्जा घसरतो आणि प्रशिक्षकाला क्लबच दिसत नाही.