हिशेब उघडा ठेवणारे संगीत

शनिवार, रात्री उशिरा

दुपारी भाचीचा फोन आला. तिच्या चौघींच्या बँडने गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच लोकांसमोर स्वतःची गाणी वाजवली आणि कार्यक्रम संपल्यावर वयाने मोठ्या असलेल्या एका वादकाने तिला बाजूला घेऊन सांगितले की गाणी बरी आहेत, पण तुम्ही स्वतःला पंक, म्हणजे १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बंडखोर रॉक संगीतातले, म्हणवून घेऊ नका. तुमच्याकडे की-बोर्ड आहे, दोन गाणी संथ आहेत आणि तुमच्या कपड्यांकडे पाहून कुणाला काही वाटतही नाही. तिने हे सगळे एका दमात सांगितले आणि मग विचारले, “मावशी, तूच सांग, पंक नक्की कशाने होतं गं?” मी फोनवर दोन-तीन वाक्ये बोलले, पण फोन ठेवल्यापासून ती वाक्ये मलाच अपुरी वाटत आहेत. म्हणून आज झोपण्याआधी हे नीट लिहून काढते आहे.

की-बोर्डाची शंका सर्वांत आधी निकालात काढता येते. न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावर १९७३च्या अखेरीस सुरू झालेल्या सीबीजीबी या क्लबात ज्या बँडांनी पंकची सुरुवात केली, त्यांचा आवाज एकमेकांशी मुळीच जुळत नव्हता. रामोन्स या बँडच्या १९७६च्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. त्याच मंचावर वाजवणाऱ्या टेलिव्हिजन नावाच्या बँडचे एकच गाणे दहा मिनिटे चालते, आणि त्यात दोन गिटारी एखाद्या लांबलेल्या गप्पांसारख्या एकमेकींत गुंतत जातात. सुईसाइड या जोडीकडे तर गिटारही नव्हती आणि ड्रमवादकही नव्हता; एक गायक, एक की-बोर्ड आणि तालाचे एक यंत्र एवढ्यावर त्यांनी समोरच्या गर्दीला हैराण केले. वेग, तीन कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले काही सूर), चिरका गळा ही पुढे ठरून गेलेली रूढी आहे. वाजवता न येणे हीसुद्धा पंकची खूण नव्हे, कारण वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्स या बँडमधले चौघेही जॅझ-फ्यूजनकडून, म्हणजे जॅझ आणि रॉक यांच्या मिश्रणाकडून, आलेले कसलेले वादक होते आणि त्यांच्याइतक्या नेमकेपणाने तो वेग पेलणारे फार थोडे झाले.

कपड्यांविषयी मी अधिक लिहिणार नाही. लंडनच्या किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचे जे दुकान होते, तिथे फाटके दिसणारे कपडे चांगल्या किमतीला मिळत असत, एवढे सांगितले तरी पुरे.

मग उरते काय? रात्री जेवण झाल्यावर मी मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडच्या पहिल्या तबकडीचे कव्हर काढून पुन्हा हातात घेतले. माझी प्रत पुनर्मुद्रित आहे, तरी मागची बाजू मूळचीच ठेवली आहे. चारच गाणी आहेत, आणि प्रत्येक गाण्याच्या नावापुढे ते कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले आणि त्यावर नंतर काय चढवले, हे छापले आहे: एक गाणे तिसऱ्या टेकचे, त्यावर काहीही चढवलेले नाही, बाकीची तीन पहिल्याच टेकची, त्यांवर फक्त एक गिटार वाढवलेली. ही माहिती कुणासाठी छापली असेल, असा प्रश्न मला ही तबकडी पहिल्यांदा हातात आली तेव्हा पडला होता, कारण नुसते ऐकणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. ज्याला उद्या स्वतः असे काही करायचे आहे, त्याच्यासाठी मात्र ती अमोल आहे. पाचशे पौंड मित्रांकडून आणि घरच्यांकडून उसने घेऊन, १९७६च्या डिसेंबरात काही तासांत ध्वनिमुद्रण उरकून, जानेवारी १९७७मध्ये त्यांनी स्वतःच काढलेल्या कंपनीच्या नावावर एक हजार प्रती काढल्या. पुढे त्याच्या कित्येक पट प्रती खपल्या. परंतु माझ्या मते त्या कव्हरच्या मागच्या बाजूने जे काम केले, ते खपाच्या आकड्यात मावत नाही.

त्याच गाण्यांपैकी एकात जो गिटारचा तुकडा आहे, तो फक्त दोन सुरांचा आहे. तेच दोन सूर पुन्हा पुन्हा वाजत राहतात, इतके की ऐकणाऱ्याला आधी चुकल्यासारखे वाटते, मग अस्वस्थ वाटते आणि शेवटी ते दोन सूर गाण्याचा कणा आहेत हे लक्षात येते. मी पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा बास गिटार मांडीवर घेऊन सोबत वाजवायला लागले होते, आणि मला ते जमले होते. कुणीतरी मला आत घेतले आहे, ही भावना संगीताने त्याआधी कधी दिली नव्हती.

हे मला जिव्हारी लागण्यामागे कारण आहे. महाविद्यालयात असताना मी एका बँडमध्ये बास वाजवत असे. मला सुरुवातीलाच सांगितले गेले होते की ‘खरा बासवादक मिळेपर्यंत’ तू वाजव. तो मिळाला तेव्हा मला तालमीची वेळच कळवली गेली नाही. मी पुढची दोन वर्षे वाद्याला हात लावला नाही, आणि त्या काळात माझी अशी पक्की समजूत झाली होती की संगीत हे ज्यांच्याकडे आधीपासून असते त्यांचेच असते. ती समजूत मोडली ती पॉली स्टायरीन या गायिकेच्या आवाजाने. दातांना तारा लावलेली, सोमाली वडिलांची आणि ब्रिटिश आईची ही मुलगी. तिने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन साथीदार जमवले, शाळेत जाणाऱ्या एका मुलीला सॅक्सोफोन वाजवायला घेतले आणि एक्स-रे स्पेक्स हा बँड उभा केला. तिचा आवाज कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. तो ऐकल्यावर मी बास पुन्हा पेटीतून बाहेर काढली, तारा बदलल्या आणि मग ती परत पेटीत गेली नाही.

तेव्हा माझी कसोटी अशी आहे, आणि ती मी भाचीला उद्या नीट सांगणार आहे: तो बँड ऐकणाऱ्याला आपल्या बरोबरीचा मानतो का, आणि आपण हे कसे केले ते त्याच्यापासून लपवत नाही ना. जानेवारी १९७७मध्येच इंग्लंडमधल्या एका हाताने काढलेल्या नियतकालिकात तीन कॉर्डांच्या आकृत्या छापल्या होत्या: ही एक, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा. डेस्परेट बायसिकल्स या बँडने पहिली तबकडी काढायला आपल्याला १५३ पौंड लागले हे जाहीर केले आणि हे सोपे आहे, स्वस्त आहे, जा आणि करा, असे गाण्यातूनच बजावले. स्क्रिटी पोलिटी या बँडने १९७८च्या पहिल्या तबकडीच्या कव्हरवर ध्वनिमुद्रण, मास्टरिंग (तबकडी छापण्याआधीची शेवटची तयारी), तबकड्या छापणे, लेबले या सगळ्यांचा खर्च तपशीलवार मांडला. (हाच बँड पुढे अतिशय गुळगुळीत, महागड्या स्टुडिओतले पॉप संगीत करू लागला, आणि मला तेही आवडते, पण ते पंक नाही आणि त्यांनीही तसा दावा केला नाही.) एसेक्समधल्या एका जुन्या घरात एकत्र राहणाऱ्या क्रास या बँडने कव्हरवरच छापले की यापेक्षा जास्त पैसे देऊ नका, म्हणजे मधल्या दुकानदाराला किंमत वाढवायला जागाच राहू नये. कलेच्या व्यवहारात हिशेब नेहमी झाकलेला असतो. या मंडळींनी तो उघडा ठेवला, आणि त्यांच्या संगीतातला जो मोकळा वारा मला जाणवतो, तो तिथूनच येतो.

ही कसोटी लंडनच्या सेक्स पिस्टल्स या गाजलेल्या बँडला लावली की मी अडखळते. किंग्ज रोडवरच्या त्या दुकानाच्या मालकाने, मॅक्लारेनने, जमवलेला बँड, दोन मोठ्या कंपन्यांनी काही महिन्यांच्या अंतराने करारातून बाहेर काढलेला, आणि जानेवारी १९७८मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात मोडून पडलेला. त्यांच्या हिशेबाविषयी नंतर न्यायालयात वाद झाले. पण ४ जून १९७६ची मँचेस्टरची संध्याकाळही तितकीच खरी आहे. लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये जेमतेम काही डझन माणसे होती. कार्यक्रम बझकॉक्सच्याच पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटो यांनी ठेवला होता आणि त्यांचा स्वतःचा बँड तोवर वाजवण्याइतका तयारही झाला नव्हता. समोर बसलेल्यांत पीटर हुक होता. त्याने दुसऱ्याच दिवशी बास गिटार विकत घेतली आणि त्यातून पुढे जॉय डिव्हिजन हा बँड उभा राहिला. त्या संध्याकाळी मंचावर जे वाजले ते थोर होते असे तिथे हजर असलेलेही फारसे म्हणत नाहीत, पण त्यातले बरेचजण घरी जाऊन कामाला लागले. म्हणून मी पिस्टल्सना या कसोटीतून सरसकट बाद करू शकत नाही.

आणि कसोटीची दुसरी बाजू डेट्रॉइटच्या डेथ या बँडने मला दाखवली, त्याविषयी लिहिल्याशिवाय मी दिवा मालवणार नाही. हॅकनी आडनावाचे तीन कृष्णवर्णीय भाऊ. वडिलांच्या अपघाती मृत्यूनंतर थोरल्या डेव्हिडने बँडला हे नाव दिले, कारण मृत्यूकडे भय न बाळगता पाहता यावे अशी त्याची इच्छा होती. १९७५मध्ये त्यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली, आणि ती रामोन्सच्या पहिल्या अल्बमच्याही आधीची आहेत. नाव बदला, म्हणजे करार करू, असे त्यांना सुचवले गेले. त्यांनी नकार दिला, १९७६मध्ये स्वतःच्या पैशाने पाचशे प्रती काढल्या, आणि त्यानंतर तीस वर्षे त्यांना जवळपास कुणी ऐकले नाही. २००९मध्ये ती गाणी अखेर अल्बम म्हणून बाहेर आली, तेव्हा डेव्हिडला जाऊन नऊ वर्षे झाली होती. या भावांचे पाहून कुणी बास विकत घेतली नाही, कारण पाहायला कुणी नव्हतेच. तरीही ते पंक होते याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणजे दार उघडे ठेवणे जितके महत्त्वाचे, तितकेच आपल्या घराला दुसऱ्याने दिलेले नाव न लावणेही महत्त्वाचे. या दोन गोष्टी एकाच मुळातून येतात असे मला वाटते, पण ते मूळ मला अजून पुरते उकरता आलेले नाही.

कंपन्यांशी करार केला की पंक संपले, हा जुना वाद आहे. क्लॅश या लंडनच्या बँडने जानेवारी १९७७मध्ये सीबीएस या मोठ्या कंपनीशी करार केला तेव्हा त्याच दिवशी पंक मेले असे म्हटले गेले. पण त्याच क्लॅशने पुढे दुहेरी अल्बम एकेरीच्या किमतीत विकायला कंपनीला भाग पाडले, आणि तिहेरी अल्बमसाठी स्वतःच्या मानधनावर पाणी सोडले. बर्कलीच्या गिलमन स्ट्रीटवरच्या सभागृहाने ग्रीन डे या बँडला मोठ्या कंपनीशी करार केल्यावर दार बंद केले, तेव्हा मी त्या सभागृहाच्या बाजूने होते. आजही आहे, कारण एखाद्या जागेला आपले नियम असण्याचा हक्क आहे. शिवाय त्याच जागेने वर्णद्वेषाला आणि स्त्रियांना कमी लेखण्याला आत प्रवेश नाही, हेही भिंतीवर लिहून ठेवले होते. हा दुसरा नियम मला पहिल्यापेक्षा फार मोलाचा वाटतो. दार सर्वांना उघडे आहे म्हणताना, जो इतरांना हाकलून लावतो त्यालाही आत घेतले, तर थोड्याच दिवसांत आत फक्त तोच उरतो. फुगाझी या बँडमधले लोक वाजवणे मध्येच थांबवून, गर्दीत मारामारी करणाऱ्याला त्याचे पाच डॉलर परत देऊन बाहेर पाठवत असत. तिकीट मुळात पाचच डॉलरचे असे आणि कोणत्याही वयाच्या माणसाला आत येता यावे हा त्यांचा आग्रह असे. ते पैसे परत करणे मला त्यांच्या कुठल्याही गाण्याइतके लक्षात राहिले आहे.

मघाशी, हे लिहिता लिहिता, भाचीने त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण पाठवले. मी ते दोनदा ऐकले. दुसऱ्या संथ गाण्यात की-बोर्डवाली एके ठिकाणी चुकते, थांबते, आणि बाकीच्या तिघी तिच्यासाठी चार मात्रा थांबून पुन्हा तिच्याबरोबर सुरू करतात. पुढे कुणीतरी प्रेक्षकांतून विचारते की ही कॉर्ड कोणती, आणि माझी भाची माइकवरूनच बोटे कुठे ठेवायची ते सांगते. तिने ते इतक्या सहज सांगितले आहे की, फोनवर बोलताना तिला त्याची आठवणही नव्हती. उद्या सकाळी मी तिला तेवढाच तुकडा परत पाठवणार आहे.