शेवटच्या दिवसाची बस

आपल्या वार्षिक परिषदेची आठवण निघाली की आधी डोळ्यांपुढे येते ती शेवटच्या दिवशी पहाटे दिवे लावून उभी असलेली बस. उद्घाटन, बीजभाषणं, पोस्टरची सत्रं, आभारप्रदर्शन हे दरवर्षी होतं आणि नीटच होतं. त्यावर अधिक लिहायची गरज नाही. पण चार दिवस किरणोत्सारी कचऱ्याबद्दल बोलल्यावर पाचव्या दिवशी तो जिथे साठवतात, काचेत गोठवतात, जमिनीखाली ठेवतात तिथे उभं राहणं, यासाठीच कितीतरी जण पुन्हा पुन्हा येतात.

या दिवसाची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू होते. प्रत्येकाचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि राष्ट्रीयत्व सुरक्षा विभागाकडे जातं. परदेशी पाहुण्यांच्या तपासणीला जास्त दिवस लागतात. अर्जात एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असलं तर माणूस फाटकावरच अडकतो. मधलं नाव गाळणं ही सर्वांत नेहमीची चूक. आणि परवानगी व्यक्तीच्या नावाने असते, म्हणून ऐन वेळी कुणी आलं नाही तर ती जागा दुसऱ्याला देता येत नाही. इथे एक तक्रार नोंदवायलाच हवी. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून सकाळी न उठणारे चार-सहा जण दरवर्षी असतात, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्या घेऊन बस निघते. प्रतीक्षायादीतले तरुण संशोधक हॉटेलच्या दारात उभे राहून ती बस जाताना पाहतात. हे मनाला लागतं. येता येणार नसेल तर तीन आठवडे आधी कळवा, एवढंच मागणं आहे.

अर्जातला एक प्रश्न पुष्कळांना खाजगी वाटतो: अलीकडे शरीरात किरणोत्सारी औषध देऊन काही तपासणी किंवा उपचार झाले आहेत का? त्यामागे साधं कारण आहे. हृदयाच्या किंवा हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम देतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ६ तासांचं, त्यामुळे दोन-तीन दिवसांत ते संपल्यात जमा होतं. थायरॉइडच्या उपचारात देतात त्या आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य मात्र ८ दिवसांचं असतं. असा माणूस कित्येक आठवड्यांनंतरही फाटकावरच्या संवेदनशील यंत्रासमोर उभा राहिला तरी घंटा वाजते. मग चौकशी होते आणि मागची सगळी रांग खोळंबते. डॉक्टरांचं पत्र आधीच पाठवलं असेल तर तोच प्रसंग दोन मिनिटांत मिटतो.

आत शिरताना फोन, घड्याळ, कॅमेरा क्रमांकाच्या पिशवीत जमा होतात. पायांत सपाट, पुढून बंद बूट, अंगात पूर्ण लांबीची पँट. छातीवर किरणांची मात्रा मोजणारे दोन बिल्ले लागतात. एक नंतर प्रयोगशाळेत वाचायचा टीएलडी आणि दुसरा तिथल्या तिथे आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर. बाहेर पडताना त्या दुसऱ्यावर बहुतेकांना शून्य किंवा एक मायक्रोसिव्हर्ट (मात्रा मोजायचं एकक) दिसतो. दहा तासांच्या विमानप्रवासात त्याच्या कितीतरी पट मात्रा मिळते. माणसाला वर्षभरात निसर्गातूनच सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. हे आकडे व्याख्यानात शंभरदा ऐकलेले असतात, पण स्वतःच्या छातीवर वाचल्यावर ते खरे पटतात.

सर्वांत जास्त गर्दी होते ती मॅनिप्युलेटरच्या, म्हणजे भिंतीबाहेरून चालवायच्या यांत्रिक हातांच्या, प्रात्यक्षिकाला. हॉट सेलच्या, म्हणजे तीव्र किरणोत्सारी वस्तू हाताळायच्या बंद खोलीच्या, भिंती मीटरभराहून जाड काँक्रीटच्या असतात, आणि खिडकी शिशाच्या पिवळसर काचेची, तीही जवळजवळ तेवढीच जाड. खऱ्या सेलमध्ये पाहुण्यांचा हात लागू देत नाहीत. त्यांच्यासाठी सरावाचा बिनकिरणोत्सारी सेल असतो. ऑपरेटर बाहेरच्या मुठी धरतो, आतले चिमटे त्याच्या मनगटाबरोबर हलतात, आणि टेबलावरचा नट उचलून तो बोल्टवर बसवतो, तीन आटे फिरवतो, सोडून देतो. एक मिनिटसुद्धा लागत नाही. मग पाहुण्याची पाळी येते. तेवढ्या जाड काचेतून वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते, त्यामुळे चिमटा हमखास नटाच्या अलीकडे मिटतो. दुसऱ्या खेपेला नट सापडतो, पण जोर जास्त होतो आणि तो उडून कोपऱ्यात जातो. तो नट तसाच पडलेला ठेवून ऑपरेटर सांगतो, की खऱ्या सेलमध्ये पडलेली वस्तू आणायला कुणी आत जात नाही, ती हातांच्या टप्प्याबाहेर गेली की दिवस दिवस जातात. आतल्या हाताला घातलेली लवचीक बाही फाटली तरी काम थांबतं, कारण त्या फटीतून धूळ यंत्राच्या सांध्यांत शिरते. वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाचे हात पाहणं हा एक मैफलीचाच अनुभव आहे.

पण दरवर्षी गळा दाटून येतो तो दौऱ्याच्या अखेरीच्या दहा मिनिटांच्या बोलण्याने. कारखान्यातला एखादा जुना माणूस, बहुधा किरणसुरक्षा विभागातला, उभा राहतो आणि काय चुकलं ते सांगतो. यश सांगणारी भाषणं चार दिवस झालेली असतात, चूक सांगणारं हे एकच. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात ६५५ मीटर खोल असलेल्या विप या साठवणस्थळाची गोष्ट त्यात हमखास येते. तिथे १४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री एक पिंप फुटलं. लॉस अलामॉसहून आलेल्या त्या पिंपात नायट्रेट क्षार होते. ओल शोषायला खनिज माती घालायची, तिच्या जागी गव्हापासून बनवलेला सेंद्रिय शोषक पडला होता. नायट्रेट म्हणजे ऑक्सिजन पुरवणारं द्रव्य, त्याला इंधन मिळालं आणि पिंप आतून तापत गेलं. पुन्हा कचरा ठेवायला जानेवारी २०१७ उजाडलं. कागदावर दोन्ही शोषकच होते, असं सांगताना बोलणाऱ्याचा आवाज उतरतो, आणि सगळी बस गप्प होते. ज्या क्षेत्रात एका पिशवीवरचा शब्द नीट वाचायला हवा, तिथे हे इतक्या मोकळेपणाने सांगणारी माणसं आहेत याचा अभिमान वाटतो.

भूगर्भातल्या भेटींची नोंदणी सर्वांत आधी भरते. फिनलंडच्या ओन्कालोत सुमारे ४३० मीटर खोल ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकात तांब्याच्या पाच सेंटिमीटर जाड डब्यांतून वापरलेलं इंधन ठेवायचं आणि भोवती बेंटोनाइट माती दाबायची अशी योजना आहे. पाण्याच्या पेल्यात बेंटोनाइटची गोळी टाकून ती फुगताना दाखवतात. फट बुजते कशी, हे तेवढ्यात कळतं.

अशा खडकातून वर आल्यावर कधी कुणाच्या जॅकेटवर यंत्र वाजतं. चेहरे पडतात. तंत्रज्ञ शांतपणे जॅकेट खुंटीला अडकवतो, कागदावर मोजणीचा आकडा आणि वेळ लिहितो. अर्ध्या तासाने पुन्हा मोजतो. आकडा निम्म्याच्या जवळ आलेला असतो. खडकातल्या रेडॉन वायूपासून तयार झालेले अल्पायुषी कण पॉलिस्टरच्या कपड्यावर स्थिर विजेने चिकटतात. त्यांतल्या शिसे-२१४ चं अर्धायुष्य सुमारे २७ मिनिटांचं, बिस्मथ-२१४ चं सुमारे २० मिनिटांचं. सीझियम-१३७ असता तर अर्ध्या तासात तसूभरही फरक पडला नसता, कारण त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं. म्हणून सुती कपडे घालून या, ही सूचना पत्रकात ठळक छापलेली असते.

आता मदत करणाऱ्यांविषयी, आणि यात कुणी राहू नये. पासपोर्टवरची अक्षरं एकेक करून जुळवणाऱ्या नोंदणीकक्षातल्या ताई. फाटकावरचे रक्षक. पाच-सहा पाहुण्यांमागे एक असे सबंध दिवस डोळ्यांत तेल घालून चालणारे सोबती. डोसिमीटर आदल्या दिवशी तपासून ठेवणारे तंत्रज्ञ. संरक्षक कपडे धुणारी, घडी घालणारी आणि बूटकव्हरच्या जोड्या लावणारी मंडळी. बाकावर बसून एक कव्हर काढा, तो पाय स्वच्छ बाजूला टाका, मग दुसरं, हे शंभरदा न कंटाळता सांगणारा, दूषित आणि स्वच्छ भागांमधल्या अडथळ्यावरचा माणूस. खाणीतल्या पाळण्याचा चालक. दुभाषी. प्रथमोपचाराची पेटी घेऊन शेवटच्या बाकावर बसणारी परिचारिका. फोनच्या पिशव्या अदलाबदल न होता परत देणारे स्वयंसेवक विद्यार्थी. आत येण्याची परवानगी नसल्याने दिवसभर फाटकाबाहेर थांबणारे बसचालक. आणि दर वेळी ज्यांचा उल्लेख राहून जातो ते टीएलडी वाचणारे: परिषद उठून गेल्यावर काही आठवड्यांनी, एकेका पाहुण्याच्या नावाने मात्रेची नोंद करून पत्र पाठवणारे.