फळ्यावरचा एक शब्द

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं आणि शाळेऐवजी सरच आठवत राहिले. घंटेवर, चिंचेवर इतर जण लिहितीलच.

सातवीतला बायबलचा तास. पावसात कौलं वाजत होती. सरांनी फळ्यावर प्रशांत महासागर काढून त्यात एक ठिपका दिला : एरोमांगा बेट. कॅनडातला जॉर्ज गॉर्डन, प्रेसबिटेरियन या ख्रिस्ती पंथाचा पाळक म्हणजे धर्मगुरू, १८५७ साली पत्नी एलनसह तिथं गेला. भाषा शिकला, आजाऱ्यांना औषधं दिली. २० मे १८६१ रोजी दोघांनाही मारलं. सरांनी खाली लिहिलं, ‘रानटी लोकांनी खून केला.’

मग म्हणाले, त्याच वर्षी बेटावर गोवर आला होता, बाहेरच्या जहाजांतून. माणसं पटापट मेली. पाळकानंच रोग आणला, असं लोकांच्या मनानं घेतलं.

मी मागच्या बाकावरून विचारलं, “सर, मारणाऱ्यांच्या घरची पोरंपण गेली होती का?”

माझा धाकटा भाऊ गोवरानं जाऊन वर्ष झालं नव्हतं. आजी शेजारणीच्या नजरेला दोष द्यायची, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी डस्टर शोधलं नाही. तळहातानंच ‘रानटी’ पुसलं आणि तसाच पांढरा हात घेऊन पुढं सांगू लागले : जॉर्जचा भाऊ जेम्स त्याच बेटावर गेला आणि १८७२ मध्ये तोही मारला गेला. त्या वेळी तो बायबलमधल्या, पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला दगडमार झाला त्या अध्यायाचं भाषांतर तपासत होता.

पुढं मी मिरजेला नर्सिंग केलं. १९८५ नंतर सरकारी लसीकरणात गोवराची लस आली आणि नऊ महिन्यांच्या बाळांमागं वाड्यावस्त्या फिरले. एका वाडीत एक आजी काठी घेऊन धावली; सुईनंच रोग होतो म्हणाली. अशा वेळी रजिस्टरात ‘अडाणी कुटुंब’ लिहायची पद्धत होती. मी ‘घाबरलेत’ लिहिलं आणि पुढच्या बुधवारी परत गेले. तिसऱ्या खेपेला आजीनंच नातू पुढं केला. पुढं जिल्हा परिषदेचं प्रशस्तिपत्रही मिळालं, सांगायला हरकत नाही.

मागच्या वर्षी शाळेत डोकावले. आपल्या वर्गात आता चकचकीत पडदा आहे, खडू नाहीच. सरांचा एक फोटोही कुठं दिसला नाही, हे मात्र खटकलं. सातवीचा ग्रुप फोटो माझ्याकडं होता, तो २०१९च्या महापुरात गेला. कुणाकडं असेल तर पाठवा. त्यात सर डावीकडून दुसरे आहेत.