की-४६ 'डायना' : धड, सांधे आणि काच

गेल्या तीन आठवड्यांत दुसऱ्या महायुद्धातील मित्सुबिशी की-४६ या जपानी टेहळणी विमानाच्या ('डायना' हे त्याला मित्रराष्ट्रांनी दिलेले सांकेतिक नाव) १/७२ प्रमाणातील मॉडेलचे धड जोडून झाले, पंख बसले आणि दोन्ही इंजिनांची आवरणे तात्पुरती लावून पाहिली. मूळ विमानाचा पंखविस्तार १४.७० मीटर असल्याने मॉडेल जेमतेम २० सेंटिमीटरचे भरते. तरीही पुटी (फटी बुजवण्याचा लेप) आणि सँडपेपरचे इतके काम मी आजवर चार इंजिनी बॉम्बरवरही केलेले नाही. या टेहळणी विमानाला चिलखत नव्हते, मागे तोंड केलेली ७.७ मिमीची एकच मशीनगन होती, आणि त्याचा सारा बचाव वेगावर होता. वेगासाठी घडवलेल्या अशा अंगावर सांध्याची एक रेघ जरी उरली, तरी ती डोळ्यांना खुपते.

जपानी लष्कराने डिसेंबर १९३७ मध्ये मित्सुबिशीकडे केलेली मागणी आजही थक्क करते : ४,००० मीटर उंचीवर ताशी ६०० किमी वेग. त्यांचे तेव्हाचे नवे लढाऊ विमान की-२७ ताशी सुमारे ४७० किमीच गाठत होते. तोमिओ कुबो यांनी आराखडा करताना टोकियो इंपीरियल विद्यापीठाच्या वैमानिकी संशोधन संस्थेची मदत घेतली आणि इंजिनांची आवरणे हवेचा रोध कमीत कमी होईल अशी घट्ट, निमुळती घडवली. नोव्हेंबर १९३९ मध्ये पहिले उड्डाण झाले, तेव्हा वेग ५४० किमीवरच अडला. पुढे हा-१०२ इंजिने बसवलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ६०४ किमी गाठले, आणि माझे मॉडेल याच आवृत्तीचे आहे.

आवरणांच्या मागचा भाग पंखात जिथे विरतो, तिथे अर्ध्या मिलिमीटरची फट होती. पुटी भरून ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे सँडपेपर पाण्यात भिजवून फिरवले. बुजलेल्या पॅनेल रेषा, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या खाचा, पुन्हा कोरायला दोन संध्याकाळी गेल्या. धडाच्या पाठीवरचा सांधा मात्र सोपा गेला, कारण वैमानिक आणि निरीक्षक यांच्यामध्ये इंधनाची मोठी टाकी असल्याने दोन कॉकपिटांमधली पाठ सलग आणि बंद आहे.

काचेच्या बाबतीत माझी चूक झाली. निरीक्षकाच्या मागील काचेजवळ सुपरग्लू वापरला आणि सकाळी काच आतून पांढुरकी झालेली दिसली. ती अलगद सोडवून टूथपेस्टने घासली, पॉलिश केली आणि या वेळी पांढऱ्या डिंकाने बसवली; आता ती स्वच्छ दिसते. दुसऱ्या आवृत्तीच्या नाकावर पुढच्या काचेची पायरी स्पष्ट दिसते, तर तिसऱ्या आवृत्तीत ती जाऊन सगळा उतार एकसंध झाला. जगात शिल्लक राहिलेले एकमेव की-४६ ब्रिटनमधील कॉस्फर्डच्या संग्रहालयात आहे, पण ते तिसऱ्या आवृत्तीचे असल्याने त्याची छायाचित्रे मला नाकासाठी उपयोगी पडली नाहीत.

रंगसंगती ब्रह्मदेशातील ८१ व्या सेंताईची (जपानी लष्कराच्या हवाई रेजिमेंटची) करणार आहे. युद्धाला तोंड फुटण्यापूर्वीच, १९४१ च्या उत्तरार्धात, या विमानांनी ब्रिटिश मलायावर जाऊन नंतरच्या चढाईसाठी छायाचित्रे टिपली होती. बंगालच्या आकाशातही ती बराच काळ निर्धास्त वावरली, कारण ब्रिटिशांच्या हरिकेन लढाऊ विमानांना तितक्या उंचीवर वेळेत चढून त्यांना गाठणे जमत नव्हते. नोव्हेंबर १९४३ मध्ये चितगावच्या बाजूला स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमाने तैनात झाली आणि त्याच महिन्यात डायना पडू लागल्या. ऑस्ट्रेलियातील डार्विनजवळ हे आधीच घडले होते : तिथे ६ फेब्रुवारी १९४३ रोजी स्पिटफायरने पाडलेले पहिले विमान डायनाच होते, आणि १७ ऑगस्टला एकाच दिवसात चार पाडली गेली. चालक दलात दोनच माणसे आणि गोळी लागताच पेट घेणारे विमान. छायाचित्रे घेऊन परतणे हीच ज्यांची कामगिरी, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता काचांवर मास्किंग टेपच्या एक मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या चिकटवत आहे. पुढच्या काचेच्या चौकटी झाल्या, मागच्या बाकी आहेत. हवेतला दमटपणा कमी झाला की राखाडी प्रायमरचा पातळ हात देईन आणि आवरणांमागचा तो सांधा दिव्याखाली तिरका धरून पुन्हा एकदा तपासेन.